सहा खाटांचे केअर होम आणि त्यामागचा राज्याचा परवाना

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को बे एरियाच्या पूर्व भागातील ज्या सहा खाटांच्या केअर होममध्ये माझ्या आत्या गेल्या वर्षापासून राहत आहेत, त्याचे हे परीक्षण आहे. घराचे नाव मी देत नाही, कारण सहाच रहिवासी असलेल्या घराचे नाव जाहीर केले की त्या सहाही जणांची ओळख पटायला वेळ लागत नाही, आणि त्यांतील बहुतेकांना स्वतःची संमती किंवा नकार सांगण्याची स्थिती उरलेली नाही. निष्कर्ष आधीच सांगते. घर चांगले आहे, दिवसाची काळजी मनापासून घेतली जाते आणि स्मृतिभ्रंशाच्या मधल्या टप्प्यावर असलेल्या वृद्धांसाठी मी ते सुचवीन. मात्र रात्रीच्या व्यवस्थेची लेखी खात्री घेतल्याशिवाय सुचवणार नाही. ही अट कुठून आली हे समजण्यासाठी राज्य अशा घरांना परवाना कशाच्या आधारे देते, तपासणीत काय पाहते आणि तपासणीबाहेर काय राहून जाते हे पाहावे लागते. म्हणून हे परीक्षण जितके त्या घराचे, तितकेच त्याच्या परवान्याचेही आहे.

अमेरिकेत ज्यांना परिचारिकेची सतत गरज असते त्यांच्यासाठीची स्किल्ड नर्सिंग केंद्रे १९८७ च्या संघीय कायद्याच्या चौकटीत येतात, आणि मेडिकेअर या मुख्यतः वृद्धांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याच्या संकेतस्थळावर त्यांच्या नावापुढे एक ते पाच तारे दिसतात. रोजच्या कामांत मदत देणाऱ्या असिस्टेड लिव्हिंगच्या घरांना असा संघीय परवाना नाही आणि तारेही नाहीत. त्यांचे नियम प्रत्येक राज्य आपापले करते. ऑरेगनमध्ये पाच जणांपर्यंतचे ॲडल्ट फोस्टर होम असते, ॲरिझोनामध्ये दहा जणांपर्यंतच्या घराला असिस्टेड लिव्हिंग होम म्हणतात, आणि एका राज्यातील माहितीच्या भरवशावर दुसऱ्या राज्यात निर्णय घेणे धोक्याचे ठरते. टेक्सासमध्ये राहणारा माझा आतेभाऊ सुरुवातीला तिथल्या वर्गवारीनुसार प्रश्न विचारत होता आणि इथल्या घरमालकांना ते प्रश्नच कळत नव्हते. कॅलिफोर्नियामध्ये १९८५ च्या कायद्याखाली सर्व आकारांच्या घरांना एकच परवाना मिळतो. लोक त्याला आरसीएफई (रेसिडेन्शियल केअर फॅसिलिटी फॉर द एल्डर्ली) म्हणतात, छोट्या घरांना बोर्ड अँड केअर म्हणतात, आणि तो राज्याच्या समाजसेवा खात्याचा कम्युनिटी केअर लायसन्सिंग विभाग देतो. शंभर खोल्यांचे, स्वागतकक्षात पियानो ठेवलेले संकुल आणि गल्लीतले चार बेडरूमचे घर यांच्या भिंतीवर एकाच प्रकारचा परवाना टांगलेला असतो.

सहा या आकड्यालाही कायद्याचे कारण आहे. सहा किंवा त्याहून कमी रहिवासी असलेले परवानाधारक घर जमीनवापराच्या दृष्टीने साधे कौटुंबिक घर मानले जाते, त्यामुळे शहराकडून वेगळी परवानगी लागत नाही आणि शेजाऱ्यांच्या हरकतींवर ते अडत नाही. साहजिकच बहुतेक मालक सहावर थांबतात. या तरतुदीमुळे वृद्धांना वस्तीत, झाडाझुडपांच्या अंगणासह राहता येते, हे मला तिचे मोठे यश वाटते. मात्र सहा जणांच्या शुल्कातून घराचे कर्ज, विमा, जेवण आणि चोवीस तासांची माणसे एवढे सगळे भागवायचे असते, आणि ताण पडतो तो नेहमी माणसांच्या संख्येवर.

घर निवडताना आम्ही आधी राज्याच्या संकेतस्थळावरील तपासणी अहवाल वाचले. ही सुविधा मोफत आहे आणि प्रत्येक कुटुंबाने तिचा उपयोग करावा. घराचे नाव किंवा पत्ता टाकला की परवान्याची स्थिती, मंजूर खाटा, तपासनिसाच्या भेटी, तक्रारींचे निकाल आणि आढळलेल्या त्रुटी दिसतात. त्रुटींचे दोन प्रकार असतात. रहिवाशाच्या आरोग्याला किंवा सुरक्षिततेला तत्काळ धोका असेल तर ती टाइप ए, आणि दुरुस्त न केल्यास पुढे धोका होऊ शकत असेल तर टाइप बी. तक्रार आल्यास विभागाने दहा दिवसांच्या आत घराला भेट द्यायची असते, आणि निकालात ती सिद्ध झाली, पुराव्याअभावी सिद्ध झाली नाही, की मुळातच निराधार ठरली हे लिहिले जाते. आतेभाऊ केवळ आकडे मोजत होता. मला मजकूर अधिक उपयोगी वाटला. आम्ही नाकारलेल्या एका घराच्या नावावर त्रुटी थोड्या होत्या, पण औषधांचे कपाट उघडे सापडल्याची नोंद लागोपाठच्या दोन वर्षांच्या अहवालांत जवळजवळ त्याच शब्दांत होती. याउलट निवडलेल्या घराच्या नावावर टाइप बीच्या काही नोंदी होत्या, त्यांत एका सेविकेच्या प्रथमोपचार प्रमाणपत्राची मुदत संपल्याची नोंदही होती, आणि पुढच्या अहवालात त्यांपैकी एकही परत आली नव्हती. चूक दाखवल्यावर घर ती सुधारते का, हे त्या कागदांवरून खरोखर कळते.

प्रत्यक्ष घर पाहताना नियमांची माहिती हाताशी असल्याचा फार फायदा झाला. नळाचे गरम पाणी १०५ ते १२० अंश फॅरेनहाइटच्या दरम्यान हवे, एका शयनकक्षात दोनपेक्षा अधिक रहिवासी नकोत, औषधे आणि साफसफाईची रसायने कुलपात हवीत, नाशवंत अन्न दोन दिवसांचे आणि टिकाऊ अन्न आठवड्याचे घरात असायला हवे, असे बारकावे कॅलिफोर्नियाच्या नियमावलीच्या २२व्या शीर्षकात दिलेले आहेत. या सर्व बाबतींत घर चोख आहे. स्नानगृहात पकडायच्या दांड्या योग्य उंचीवर आहेत, फरशीवर पाणी साचत नाही, आणि प्रत्येक रहिवाशाच्या औषधांचा डबा त्याच्या नावाने वेगळा ठेवलेला आहे. वीज गेल्यास काय, हा प्रश्न इथे वणव्यांच्या हंगामात महत्त्वाचा असतो. नियमानुसार घराने आपत्तीत किमान ७२ तास स्वतःच्या बळावर निभावण्याची योजना ठेवायची असते, आणि मालकीणबाईंनी ती मागताक्षणी दाखवली.

जेवणाबाबत थोडे विस्ताराने लिहिते, कारण आपल्याकडच्या कुटुंबांचा पहिला प्रश्न तोच असतो. आत्या शाकाहारी आहेत, घरातील बाकी कोणी नाही. सेविकांनी मुगाची खिचडी आणि साधे वरण शिकून घेतले आहे, आणि ते त्या आपुलकीने करतात. आत्यांना चव ओळखीची वाटते, त्यामुळे वजन टिकून आहे. माझा आक्षेप वेळेवर आहे. रात्रीचे जेवण पाचच्या सुमारास आणि न्याहारी आठला मिळते. दिवसाचे शेवटचे जेवण आणि दुसऱ्या दिवसाचे पहिले जेवण यांत १५ तासांहून अधिक अंतर नको, एवढेच नियम सांगतो, म्हणजे हे घर नियमाच्या अगदी काठावर उभे आहे. मधुमेह असलेल्या वृद्धांसाठी एवढे अंतर मला जास्त वाटते. आम्ही विचारल्यावर झोपण्यापूर्वी दूध आणि काहीतरी हलके देणे सुरू झाले, आणि ते आता सर्वांनाच मिळते.

आता माणसांविषयी. छोट्या घराच्या ॲडमिनिस्ट्रेटरला ८० तासांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा पूर्ण करावी लागते. काळजी घेणाऱ्या सेविकेला ४० तासांचे प्राथमिक प्रशिक्षण असते, त्यांतील २० तास एकटीने काम सुरू करण्यापूर्वी आणि उरलेले पहिल्या चार आठवड्यांत. पंधरा किंवा कमी रहिवाशांच्या घरात औषधे घेण्यास मदत करणाऱ्या कर्मचाऱ्याला दहा तासांचे प्रशिक्षण पुरते, तर त्याहून मोठ्या घरात चोवीस तासांचे लागते. रहिवासी तेच, आजार तेच, गोळ्याही त्याच, मग छोट्या घरातील सेविकेला कमी शिकवून चालते हे मला पटत नाही. उलट तिथे चूक पकडणारा दुसरा माणूस शेजारी नसतो. याच राज्यात नखांची निगा राखण्याच्या व्यवसायाचा परवाना घ्यायला ४०० तासांचे शिक्षण लागते, हे लक्षात घेतले की स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला उचलणे, भरवणे आणि समजावणे या कामाला कायदा किती हलके मोजतो ते दिसते. या घरातील दोन्ही मुख्य सेविका अनेक वर्षे तिथेच आहेत, आणि त्यांचे कौशल्य त्या ४० तासांतून आलेले नसून अनुभवातून आले आहे. आत्या संध्याकाळी अस्वस्थ होऊन घरी जायचे म्हणू लागल्या की त्यांपैकी एक त्यांना कपड्यांच्या घड्या घालायला बसवते. तपासणीच्या कोणत्याही रकान्यात हे मावत नाही.

रात्रीचा प्रश्न इथूनच सुरू होतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत इतक्या रहिवाशांमागे इतके कर्मचारी असे प्रमाण ठरवलेले नाही. कर्मचारी गरजेला पुरेसे आणि सक्षम असावेत एवढेच म्हटलेले आहे. रात्री सोळापेक्षा कमी रहिवाशांच्या घरात एक पात्र व्यक्ती आवारात उपलब्ध असली की मूळ नियमाची पूर्तता होते, आणि ती व्यक्ती झोपलेली असू शकते. स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशाला रात्री जागत्या देखरेखीची गरज असल्याचे त्याच्या गरजांच्या मूल्यमापनात नोंदले गेले असेल, तरच किमान एक कर्मचारी जागा ठेवण्याची जबाबदारी घरावर येते. म्हणजे सगळे त्या मूल्यमापनाच्या कागदावर अवलंबून आहे, आणि तो कागद प्रवेशाच्या वेळी, कुटुंब घाईत आणि थकलेले असताना भरला जातो.

हिवाळ्यातील एका पहाटे आत्या मागच्या अंगणात रात्रीच्या कपड्यांत उभ्या असलेल्या सापडल्या. दाराला घंटा होती, पण तिच्या आवाजाने दुसऱ्या रहिवाशाची झोप मोडते म्हणून ती बंद ठेवलेली होती, आणि सेविका आपल्या खोलीत झोपलेली होती. इजा झाली नाही. आम्हाला हे संध्याकाळी कळवण्यात आले, आणि इतका उशीर मला अजूनही अक्षम्य वाटतो. रहिवाशाच्या सुरक्षिततेला धोका पोहोचवणाऱ्या घटनेचा लेखी अहवाल सात दिवसांच्या आत परवाना विभागाला आणि रहिवाशाच्या जबाबदार व्यक्तीला द्यावा लागतो, आणि तो मात्र मुदतीत आला. त्यानंतर आम्ही डॉक्टरांकडून नवे मूल्यमापन करून घेतले, त्यात रात्रीच्या जागत्या देखरेखीची गरज स्पष्ट लिहून घेतली आणि ती करारात जोडली. मालकीणबाईंनी टाळाटाळ केली नाही. रात्रपाळीला एक जागी सेविका आली, घंटा पुन्हा सुरू झाली आणि त्या दुसऱ्या रहिवाशाची खोली दारापासून दूर हलवण्यात आली. मासिक शुल्क वाढले. जागत्या माणसाच्या पाळीची किंमत पाहता ते योग्यच आहे.

या प्रकरणाचा मागमूस राज्याच्या संकेतस्थळावर दिसत नाही, कारण तिथे तपासनिसांचे अहवाल असतात, घराने स्वतः पाठवलेले घटना-अहवाल नसतात. उद्या एखादे कुटुंब हेच घर शोधेल तेव्हा त्यांना मुदत संपलेले प्रमाणपत्र दिसेल आणि उघडे राहिलेले दार दिसणार नाही. देशपातळीवरही नोंदींचे चित्र कच्चे आहे. मेडिकेड या कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेच्या पैशातून असिस्टेड लिव्हिंगची सेवा देणाऱ्या ४८ राज्यांपैकी २६ राज्यांना आपल्याकडे किती गंभीर घटना घडल्या हे सांगता आले नाही, असे अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये नोंदवले आहे.

सेविकांचे वेतन हा विषय परवाना विभागाच्या कक्षेत येत नाही, तो कामगार आयुक्तांकडे जातो, आणि त्या कार्यालयाने कॅलिफोर्नियातील कितीतरी निवासी केअर होमना वेतन बुडवल्याबद्दल मोठ्या रकमांचे आदेश काढलेले आहेत. घरातच राहणारी सेविका दिवसभर काम करून रात्रीही हाकेला उठत असेल आणि तिला त्या तासांचे पैसे मिळत नसतील, तर दारावरचा परवाना कितीही स्वच्छ असला तरी तिथली काळजी टिकाऊ नाही. मी मालकीणबाईंना पाळ्यांचे वेळापत्रक मागितले आणि सेविकांना सुट्टीचा दिवस कोणता हे वेगवेगळे विचारले, उत्तरे जुळली. हा प्रश्न विचारणे अवघड वाटते, तरीही विचारावा.

राज्याने काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. ऑक्टोबर २०१३ मध्ये याच भागातील कॅस्ट्रो व्हॅली येथे परवाना निलंबित झालेल्या एका घरातून बहुतेक कर्मचारी निघून गेले आणि डझनाहून अधिक वृद्ध मागे राहिले; एक स्वयंपाकी आणि एक सफाई कर्मचारी पगाराविना त्यांची काळजी घेत थांबले. त्या प्रकरणानंतर २०१४ मध्ये सुधारणांचे अनेक कायदे झाले. वर सांगितलेले प्रशिक्षणाचे तास वाढले, दायित्व विमा सक्तीचा झाला, आणि पूर्वी ज्या दंडाची कमाल मर्यादा १५० डॉलर होती तो मृत्यूला कारणीभूत त्रुटीसाठी १५,००० डॉलरपर्यंत गेला. खर्चकपातीमुळे पाच वर्षांतून एकदावर आलेली तपासणीही टप्प्याटप्प्याने पुन्हा वार्षिक करण्यात आली. पाच वर्षांत अशा घराची मालकी, सेविका आणि सगळे रहिवासी बदलून जाऊ शकतात, म्हणून वार्षिक भेट ही मला या सुधारणांतील सर्वांत मोलाची वाटते. लोकपाल, म्हणजे ऑम्बड्समन, यांचे स्वयंसेवक न कळवता येऊन रहिवाशांशी बोलतात, त्यांची सेवा मोफत आणि गोपनीय असते. आत्यांच्या घरी येणाऱ्या बाई रहिवाशांशी बोलताना खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर बसतात, याचे मला विशेष वाटते.

पैशाबाबत थोडक्यात: मेडिकेअर राहण्या-जेवणाचा किंवा दैनंदिन देखभालीचा खर्च देत नाही. मेडी-कॅलची, म्हणजे कॅलिफोर्नियातील मेडिकेडची, असिस्टेड लिव्हिंग वेव्हर ही योजना ठरावीक काउंट्यांतच (जिल्ह्यांतच) चालते आणि तिच्यासाठी प्रतीक्षायादी असते. घर शोधून देणारे मध्यस्थ कुटुंबाकडून पैसे घेत नाहीत, कारण त्यांना घराकडून कमिशन मिळते. त्यांची यादी पाहावी, पण राज्याचे अहवाल स्वतः वाचावेत.

नळीवाटे पोटात अन्न द्यावे लागणाऱ्या किंवा तिसऱ्या-चौथ्या टप्प्याच्या शय्याव्रणांनी ग्रस्त असलेल्या व्यक्तींना असा परवाना असलेली घरे सर्वसाधारणपणे ठेवू शकत नाहीत, त्यामुळे तशी शक्यता जवळ दिसत असेल त्यांनी या घराचा विचार करू नये. अखेरच्या आजारातील रहिवाशाला ठेवण्यासाठी हॉस्पिसची वेगळी मंजुरी लागते; या घराकडे ती आहे, आणि ती किती जणांपुरती आहे हे प्रवेशापूर्वीच विचारून घ्यावे. गरजा वाढल्या आणि घराला त्या भागवता येईनात तर ३० दिवसांच्या लेखी सूचनेने जागा सोडायला सांगता येते, म्हणून करारातील ते कलम आतेभावाने आणि मी मालकीणबाईंसमोर बसून वाचले. त्यांनी प्रत्येक ओळीचा अर्थ न कंटाळता सांगितला.

घराकडून माझी एकच मागणी आहे, की अंगणातल्या त्या पहाटेसारखी कोणतीही घटना घडली तर ती त्याच तासाला फोनवर कळवावी. राज्याकडून दोन मागण्या आहेत. वार्षिक तपासणी अहवालात त्या घरात रात्री किती माणसे जागी असतात हे लिहावे, आणि गेल्या वर्षभरात किती सेविका काम सोडून गेल्या हेही लिहावे. हे दोन्ही आकडे घराच्या कर्मचारी नोंदींत आधीपासूनच असतात. तपासनिसाने ते विचारून अहवालात घालायचे तेवढे बाकी आहे.